जुन्या हायब्रिड गाडीची बॅटरी नीट चार्ज होते आहे का? नवशिक्यांसाठी तपासणीचा क्रम

जुनी हायब्रिड गाडी पहिल्यांदाच वापरायला घेतलेल्या माणसाचे लक्ष रस्त्याइतकेच पडद्यावरच्या बॅटरीच्या चित्राकडे जाते. चढावर त्यातल्या पट्ट्या भराभर कमी होतात, उतारावर त्या काठोकाठ भरतात, गाडी उभी असताना इंजिन आपोआप सुरू होते आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. यातले स्वाभाविक काय आणि बिघाडाचे लक्षण काय, हे ओळखता न आल्यामुळे पंख्यातल्या धुळीसाठी अख्खी बॅटरी बदलली जाते, किंवा खरोखर खराब झालेला एखादा सेल महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहतो आणि शेजारच्या सेलांनाही आपल्याबरोबर ओढतो. दोन्ही प्रकार टाळता येण्यासारखे आहेत. त्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा ठरावीक क्रमाने पाहण्याची आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

येथे विचार केला आहे तो निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असलेल्या आणि बाहेरून प्लग लावून चार्ज न होणाऱ्या हायब्रिड गाड्यांचा. आकडे मुख्यतः २००४ ते २००९ या काळातल्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसचे दिले आहेत, कारण जुन्या हायब्रिड गाड्यांमध्ये ही फार मोठ्या संख्येने आढळते आणि तिची रचना सर्वांना परिचित आहे. इतर गाड्यांत मॉड्यूलांची, म्हणजे काही सेल एकत्र बांधून केलेल्या घटकांची, संख्या आणि व्होल्टेज वेगळे असते. उदाहरणार्थ, २००६ ते २०११ या काळातल्या होंडा सिव्हिक हायब्रिडची बॅटरी १५८.४ व्होल्टची आहे. तपासणीची पद्धत मात्र बदलत नाही.

सुरक्षिततेबद्दल

गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीत (प्रियसमध्ये) दोनशे व्होल्टहून अधिक डीसी दाब असतो आणि तो माणसाचा जीव घेऊ शकतो. नारिंगी आवरणाच्या केबल या दाबाच्या असतात. त्यांना, त्यांच्या जोडांना आणि त्या जिथे शिरतात त्या पेट्यांना हात लावू नये. पुढे सांगितलेल्या एकाही तपासणीसाठी मोठ्या बॅटरीचे झाकण उघडावे लागत नाही, आणि नवशिक्याने ते उघडूही नये. उघडण्याचे काम करणारा माणूस हजार व्होल्टसाठी प्रमाणित असलेले रबरी हातमोजे घालतो, बॅटरीची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढतो आणि इन्व्हर्टरमधले, म्हणजे बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या पेटीतले, वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होण्यासाठी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली पाच किंवा दहा मिनिटे थांबतो. प्लग काढल्यावर बाहेर जाणारा दाब तुटतो, पण मॉड्यूलांच्या ओळीत तो शिल्लक असतोच. ‘प्लग काढला, आता काळजी नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे.

दुसरा धोका कमी बोलला जातो. ‘रेडी’ दिवा, म्हणजे गाडी चालायला तयार असल्याची खूण, लागलेला असताना गाडी पूर्ण शांत असली तरी इंजिन कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकते. बोनेटखाली हात घालताना गाडी बंद असावी, आणि ‘रेडी’ स्थितीतली कोणतीही चाचणी बंद गॅरेजमध्ये करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बॅटरी भरते कशी, हे आधी समजून घ्यावे

या गाडीत नेहमीचा अल्टरनेटर नसतो. मोठी बॅटरी दोन मार्गांनी भरते: इंजिन चालू असताना एक मोटर-जनरेटर वीज तयार करतो, आणि ब्रेक लावताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा मोटर-जनरेटर चाकांच्या गतीतून वीज परत मिळवतो. दिवे, कॉम्प्युटर आणि कुलुपे चालवणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते. मोठ्या बॅटरीचा दाब उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर तिला भरतो. म्हणजे ‘बॅटरी चार्ज होत नाही’ या तक्रारीत कोणती बॅटरी, हा पहिला प्रश्न असतो.

प्रियसच्या मोठ्या बॅटरीत २८ मॉड्यूल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक मॉड्यूलमध्ये १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट, २८ मॉड्यूल मिळून २०१.६ व्होल्ट. क्षमता ६.५ अँपिअर-तास, म्हणजे एकूण ऊर्जा सुमारे १.३ किलोवॉट-तास. गाडीचा कॉम्प्युटर ही बॅटरी कधीच पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. सर्वसाधारणपणे तो तिला ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो आणि ६० टक्क्यांच्या आसपास राखण्याचा प्रयत्न करतो. प्रत्यक्ष वापरात येणारी ऊर्जा त्यामुळे जेमतेम अर्धा किलोवॉट-तास असते. एवढ्याशा साठ्यावर एक टनाहून जड गाडी चढ चढते, तेव्हा पट्ट्या भराभर उतरणारच. सर्व पट्ट्या भरलेल्या दिसल्या तरी बॅटरी शंभर टक्के भरलेली नसते, आणि शेवटची पट्टी उरली तरी ती रिकामी झालेली नसते.

पडद्यावर दिसणारा भरणा, म्हणजे बॅटरी किती भरली आहे ते, हा थेट मोजलेला आकडा नसून अंदाज असतो. किती अँपिअर आत गेले आणि किती बाहेर आले याचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो, आणि व्होल्टेज व तापमान पाहून त्या हिशेबात अधूनमधून दुरुस्ती करतो. बॅटरी निरोगी असताना ही दुरुस्ती जाणवत नाही. क्षमता घटली की हिशेब आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडते, आणि आकडा अचानक खाली किंवा वर उडी मारतो. जुन्या होंडा हायब्रिडमध्ये ही उडी विशेष ठळक दिसते: निम्मी भरलेली बॅटरी काही क्षणांत जवळजवळ रिकामी दाखवली जाते आणि लगेच इंजिनावर चार्जिंगचा भार पडतो.

काही गोष्टी बिघाडासारख्या वाटतात, पण तशा नसतात. थंड हवेत गाडी सुरू केल्यावर बॅटरी भरलेली असूनही इंजिन चालू राहते, कारण त्याला स्वतःला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम व्हायचे असते. लांब उतारावर बॅटरी वरच्या मर्यादेला पोहोचली की इंजिन मोठ्याने फिरू लागते. जादा ऊर्जा अशा रीतीने वाया घालवली जाते आणि गाडीला इंजिनाचा ब्रेक मिळतो. एअर कंडिशनर लावून उभ्या गाडीत बसले तर इंजिन दर काही मिनिटांनी सुरू होते, कारण या गाडीतला कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीवरच चालतो. आणि गिअर ‘एन’वर ठेवला तर इंजिन चालू असले तरी बॅटरी भरत नाही. वाहतूक कोंडीत ‘एन’वर थांबण्याची सवय असलेल्यांनी ती सोडावी, ‘पी’ किंवा ‘डी’मध्येच थांबावे.

पायरी पहिली: छोटी बॅटरी

तपासणी १२ व्होल्टच्या बॅटरीपासून सुरू करावी. ती कमजोर झाली की कॉम्प्युटरांना पुरेसा दाब मिळत नाही, एकमेकांशी संबंध नसलेले अनेक इशारे एकदम पेटतात, कधी गाडी ‘रेडी’ होतच नाही, आणि दोष मात्र मोठ्या बॅटरीच्या माथी मारला जातो.

साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांमध्ये दाब मोजावा. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ही बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात असते. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक म्हणजे चांगली भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. त्यानंतर ब्रेक न दाबता पॉवरचे बटण दोनदा दाबून, म्हणजे गाडी ‘रेडी’ न करता, हेडलाइट लावावेत आणि दोन-तीन मिनिटे मीटरकडे पाहत राहावे. चांगली बॅटरी थोडी उतरून स्थिरावते. थकलेली बॅटरी न थांबता घसरत राहते. शेवटी गाडी ‘रेडी’ करून पुन्हा मोजावे. आता सुमारे १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ‘रेडी’ झाल्यावरही आकडा वाढला नाही, तर छोटी बॅटरी बदलून उपयोग नाही. तिला भरणारा कन्व्हर्टर, त्याचा फ्यूज किंवा मधली जोडणी तपासावी लागेल.

जंप स्टार्ट देताना तारा उलट लावल्या तर फ्यूजपासून इन्व्हर्टरपर्यंत महाग नुकसान होऊ शकते. घाई असली तरी अधिक आणि उणे दोनदा पाहूनच क्लिप लावावी.

पायरी दुसरी: हवा आणि उष्णता

मोठी बॅटरी गाडीच्या आतली हवा ओढून थंड राहते. प्रियसमध्ये त्या हवेची जाळी मागच्या सीटच्या बाजूला असते, आणि तिच्यावर पिशवी, उशी किंवा अंगरखा टेकवलेला असणे हे बॅटरी तापण्याचे अगदी साधे कारण आहे. जाळी मोकळी करून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. धूळ, कापडाचे तंतू आणि पाळीव प्राण्यांचे केस पुढे जाऊन पंख्याच्या पात्यांवर फेल्टसारखा थर धरतात. बाहेरची जाळी स्वच्छ असूनही आतला पंखा तुंबलेला असू शकतो. पंखा मोठ्याने गुरगुरतो पण जाळीपाशी धरलेला पातळ कागद ओढला जात नाही, असे दिसले तर तो काढून साफ करणे आवश्यक आहे.

हे काम मी कधीही पुढे ढकलू देत नाही, कारण निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचे आयुष्य उष्णतेमुळे जितके घटते तितके दुसऱ्या कशानेही नाही. तापलेल्या बॅटरीत चार्ज करण्यासाठी दिलेल्या ऊर्जेचा वाढता भाग पुन्हा उष्णतेतच जातो. मग कॉम्प्युटर आत घेण्याचा प्रवाह कमी करतो, ब्रेकमधून मिळणारी वीज घटते, इंजिन अधिक वेळ चालते, आणि मालकाला वाटते की बॅटरी गेली. ओळीच्या मधल्या मॉड्यूलांना कडेच्या मॉड्यूलांपेक्षा अधिक ताप सोसावा लागतो आणि बहुधा तीच आधी निकामी होतात. बॅटरीला गाडीतलीच हवा मिळते हे लक्षात घेऊन उन्हात उभी असलेली गाडी चालवण्याआधी आतली हवा थंड होऊ द्यावी. प्रवाशांना जे बरे वाटते ते तिलाही मानवते.

याच वेळी इन्व्हर्टरच्या कूलंटकडेही एक नजर टाकावी. इंजिन थंड असताना बोनेट उघडून गाडी ‘रेडी’ करावी आणि इन्व्हर्टरच्या स्वतंत्र टाकीत कूलंट हलताना दिसते का ते, हात लांब ठेवून, पाहावे. ते निश्चल असेल तर पंप बंद असण्याची शक्यता आहे. इन्व्हर्टर तापला की तोही शक्ती आवरती घेतो आणि चार्जिंग बिघडल्यासारखे दिसते.

पायरी तिसरी: कोड वाचणे, पण पुसणे नाही

ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणी करण्याच्या खाचेला, जोडता येणारा छोटा ब्लूटूथ ॲडॉप्टर आणि हायब्रिडसाठी बनवलेले एखादे ॲप, उदाहरणार्थ ‘डॉ. प्रियस’ किंवा ‘हायब्रिड असिस्टंट’, एवढ्यावर पुढचे बहुतेक काम होते. साधे स्कॅनर फक्त इंजिनाचे बिघाड-कोड वाचतात. हायब्रिड यंत्रणेचे आणि बॅटरी कॉम्प्युटरचे कोड वाचता येतात की नाही, हे उपकरण घेण्यापूर्वी पाहावे.

मिळालेले सर्व कोड, त्यांच्याबरोबरची फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणीचे वेग, तापमान आणि प्रवाह यांचे आकडे, आणि टोयोटामध्ये असल्यास तीन आकडी उपकोड, हे सर्व लिहून घ्यावे किंवा त्याचे फोटो काढावेत. त्यापूर्वी कोड पुसू नयेत. कोड पुसला की इशाऱ्याचा दिवा विझतो आणि त्याबरोबर सर्वांत मोलाचा पुरावा नष्ट होतो.

नेहमी भेटणाऱ्या कोडांचा अर्थ असा. पी०ए८० म्हणजे ब्लॉकांच्या, म्हणजे मॉड्यूलांच्या जोड्यांच्या, दाबांत मान्य मर्यादेपलीकडे तफावत आढळली आणि कॉम्प्युटर बॅटरी बदलण्याचा सल्ला देत आहे. पी३०११ ते पी३०२४ हे कोड ब्लॉक १ ते १४ यांपैकी कोणता कमजोर आहे ते सांगतात. पी०ए९३ इन्व्हर्टरच्या थंडाव्याचा आहे. पी०एए६ उच्च दाबाची वीज गाडीच्या धातूच्या सांगाड्याकडे गळत असल्याचे सांगतो; हा मालकाने तपासण्याचा विषय नाही, आणि तो दिसल्यावर गाडी प्रशिक्षित माणसाकडेच जावी. होंडामध्ये पी१४४७ बॅटरी मॉड्यूलच्या झिजेसाठी येतो. पी०ए८० दिसला म्हणून बॅटरी बदलायलाच हवी, असे मात्र नाही. त्या कोडाला तफावत दिसलेली असते. ती सेलमध्ये आहे की सेलचा दाब मोजणाऱ्या गंजलेल्या तारेत, हे त्याला सांगता येत नाही. ते पुढची पायरी सांगते.

पायरी चौथी: ब्लॉक एकमेकांशी ताडून पाहणे

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. प्रियसचा बॅटरी कॉम्प्युटर दोन-दोन मॉड्यूलांची जोडी धरून १४ ब्लॉकांचे दाब स्वतंत्रपणे मोजतो. एका ब्लॉकमध्ये बारा सेल, म्हणजे नाममात्र १४.४ व्होल्ट; मध्यम भरलेल्या, विश्रांतीतल्या बॅटरीत प्रत्येक ब्लॉक प्रत्यक्षात १५ ते १६ व्होल्टच्या दरम्यान दिसतो. या एकट्या आकड्यावरून फारसे काही ठरत नाही, कारण मधल्या टप्प्यात निकेल-मेटल हायड्राइड सेलचा दाब भरण्याबरोबर फार थोडा बदलतो. निदान होते ते फरकावरून: सर्वांत वरचा ब्लॉक आणि सर्वांत खालचा ब्लॉक यांत किती अंतर आहे, आणि प्रवाह बदलल्यावर ते अंतर कसे वागते.

तीन स्थितींतले आकडे हवेत. पहिली विश्रांतीची: गाडी ‘रेडी’, सर्व उपकरणे बंद, इंजिन बंद. दुसरी खर्चाची: सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकसारखा जोर लावत असताना. तिसरी भरण्याची: लांब, हलका ब्रेक लावताना किंवा इंजिन बॅटरी भरत असताना. चालकाने पडद्याकडे पाहू नये. आकडे शेजारी बसलेल्या माणसाने टिपावेत किंवा ॲपमध्ये नोंदवून घ्यावेत. प्रवाह काही सेकंद स्थिर असतानाचाच आकडा धरावा. स्वस्त ॲडॉप्टरवर सर्व ब्लॉकांचे आकडे एकाच क्षणाचे असतीलच असे नाही. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला तर एका ब्लॉकचा आकडा आधीचा आणि दुसऱ्याचा नंतरचा येतो आणि नसलेली तफावत दिसते. घाबरवणाऱ्या अनेक स्क्रीनशॉटांमागे एवढेच कारण असते.

आता एक उदाहरण जवळून पाहू. समजा विश्रांतीत सर्व १४ ब्लॉक १५.६ व्होल्टच्या आसपास आहेत. गाडीने ६० अँपिअर खेचले, तेव्हा तेरा ब्लॉक १४.२ वर उतरले आणि सातवा १२.९ वर गेला. तेरा ब्लॉकांचा उतार १.४ व्होल्ट, १.४ ला ६० ने भागले की सुमारे २३ मिलिओहम हा त्यांचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून प्रवाहाला होणारा अडथळा, मिळतो. सातव्याचा उतार २.७ व्होल्ट, म्हणजे ४५ मिलिओहम, जवळजवळ दुप्पट. आता भरण्याची नोंद पाहावी. ४० अँपिअर आत जात असताना इतर ब्लॉक १६.५ वर आहेत आणि सातवा १७.४ वर चढला आहे. खर्चात सर्वांच्या खाली आणि भरताना सर्वांच्या वर, ही वाढलेल्या रोधाची खूण आहे. हा रोध झिजलेल्या सेलचा असू शकतो, तसाच मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर चढलेल्या गंजाचाही असू शकतो. म्हणून प्रशिक्षित माणसाकडून पट्ट्या साफ करून, ठरलेल्या जोराने आवळून घेऊन पुन्हा मोजल्याशिवाय मॉड्यूलवर शिक्का मारू नये.

हाच सातवा ब्लॉक विश्रांतीत, खर्चात आणि भरण्यात सर्वत्र इतरांपेक्षा सुमारे १.२ ते १.४ व्होल्ट खालीच राहिला असता, तर अर्थ वेगळा झाला असता. एवढा फरक म्हणजे एका सेलचा दाब. बारांपैकी एक सेल आतून शॉर्ट झाला आहे आणि अकराच काम करत आहेत, असे त्यावरून कळते. अशा मॉड्यूलला कोणत्याही चार्जिंगने जीवदान मिळत नाही.

तिसरा प्रकार फसवा असतो. विश्रांतीत सर्व ब्लॉक सारखे, जोर लावल्यावर पहिली काही सेकंदेही सारखे, पण चढ लांबला की एक ब्लॉक इतरांना सोडून खाली घसरू लागतो. या ब्लॉकचा रोध ठीक असतो, क्षमता घटलेली असते. त्याचा साठा इतरांच्या आधी संपतो. थोड्या वेळाच्या चाचणीत तो निर्दोष ठरतो, आणि म्हणूनच निदान एकदा तरी लांब चढावर नोंद घ्यावी.

चौथा प्रकार ओळखता आला तर मोठा खर्च वाचतो. एक ब्लॉक वर आणि त्याला लागून असलेला ब्लॉक बरोबर तेवढाच खाली, दोघांची बेरीज मात्र इतर कोणत्याही दोन ब्लॉकांइतकीच, आणि हा फरक प्रवाह बदलला तरी फारसा न बदलणारा: असे दिसले तर दोन्ही ब्लॉकांच्या सीमेवर बसलेल्या, दाब मोजणाऱ्या सामायिक तारेचा जोड संशयित धरावा. सेल शाबूत असतात. त्यांचे माप चुकीचे घेतले जात असते.

मर्यादा म्हणून सांगायचे तर, विश्रांतीत एक-दोन दशांश व्होल्टचा फरक जुन्या बॅटरीत चालतो. भारात तो अर्ध्या व्होल्टकडे सरकत असेल तर दर महिन्याला नोंद ठेवावी. एक व्होल्ट ओलांडला तर दुरुस्तीची तयारी करावी. हे कंपनीने ठरवून दिलेले आकडे नाहीत, कामचलाऊ आडाखे आहेत. एकाच नोंदीपेक्षा तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा मागे पडतो आहे का, याला अधिक महत्त्व द्यावे.

पायरी पाचवी: उभ्या गाडीतला हिशेब

ही चाचणी मोकळ्या जागेत करावी. हँडब्रेक लावून, गिअर ‘पी’वर ठेवून, इंजिन गरम झालेले असताना एअर कंडिशनर आणि हेडलाइट लावावेत आणि ॲपमधला प्रवाह व भरणा पाहत बसावे. बॅटरी खर्च होत जाते, ४० टक्क्यांच्या आसपास इंजिन सुरू होते, थोडे भरून पुन्हा बंद पडते.

समजा सर्व उपकरणे मिळून एक किलोवॉट घेत आहेत. २१० व्होल्टला हा प्रवाह ५ अँपिअरहून थोडा कमी होतो. ६.५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचे दहा टक्के म्हणजे ०.६५ अँपिअर-तास, ५ अँपिअरने ते खर्च व्हायला सुमारे आठ मिनिटे लागली पाहिजेत. आता तोच दहा टक्क्यांचा उतार दोन मिनिटांत दिसला, तर हिशेब करून पाहावा: ५ अँपिअर दोन मिनिटे म्हणजे जेमतेम ०.१७ अँपिअर-तास, एकूण क्षमतेच्या अडीच टक्के. उरलेले साडेसात टक्के खर्च झालेलेच नाहीत. बॅटरीत आपण समजत होतो तितके नाही, हे लक्षात आल्यावर कॉम्प्युटरने आकडा खाली आणला आहे. घटलेल्या क्षमतेचा याहून स्पष्ट पुरावा घरबसल्या मिळत नाही. ॲपमध्ये भरण्याचा प्रवाह उणे आणि खर्चाचा अधिक दाखवतात की उलट, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

पायरी सहावी: ब्रेकमधून मिळणारी वीज

सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, ताशी ६० किलोमीटरवरून हलका आणि एकसारखा ब्रेक लावून गाडी थांबवावी आणि आत जाणारा प्रवाह पाहावा. ताशी सुमारे ११ किलोमीटरच्या खाली ही वीजनिर्मिती थांबते आणि साधे ब्रेक काम हाती घेतात. शेवटच्या टप्प्यात प्रवाह नाहीसा होणे म्हणजे दोष नव्हे. बॅटरी ७० टक्क्यांच्या खाली आणि तापमान मध्यम असूनही प्रवाह नगण्य राहिला, तर ॲपमध्ये ‘विन’ या नावाने दिसणारी, आत घेता येणाऱ्या शक्तीची मर्यादा पाहावी. ती कमी केलेली असेल तर बॅटरी कॉम्प्युटरनेच हात आखडता घेतला आहे, आणि कारण तापमानात किंवा चौथ्या पायरीतल्या कमजोर ब्लॉकमध्ये शोधावे. बॅटरी जवळजवळ भरलेली असताना ही चाचणी करू नये. तेव्हा प्रवाह कमीच येणार.

निष्कर्ष काढताना

अनेक आठवडे उभी राहिलेली गाडी अपवाद समजावी. निकेल-मेटल हायड्राइड सेल आपोआप उतरतात आणि सर्व सारख्या वेगाने उतरत नाहीत. अशा गाडीत पहिल्या दिवशी ब्लॉकांत मोठी तफावत दिसते आणि काही दिवसांच्या नियमित वापराने ती बरीच ओसरते. निर्णय त्यानंतरच्या नोंदींवर घ्यावा.

दोष पंख्यात, जोडांत किंवा छोट्या बॅटरीत सापडला तर दुरुस्ती सोपी आहे. एकच मॉड्यूल गेलेले असेल तर तेवढेच बदलण्याचा प्रस्ताव हमखास पुढे येतो. माझे मत असे, की ही तात्पुरती सोय आहे हे स्वच्छ समजून घेऊनच ती स्वीकारावी. एक मॉड्यूल गेले त्याच वयाची आणि त्याच उष्णतेतून गेलेली सत्तावीस मॉड्यूल शेजारी उभी असतात, आणि वेगळ्या क्षमतेचे मॉड्यूल मध्ये आले की असमतोल वाढतो. गाडी थोड्याच काळासाठी ठेवायची असेल, बदललेले मॉड्यूल क्षमता मोजून, उरलेल्यांशी जुळवून घेतलेले असेल आणि सर्व मॉड्यूल सारख्या पातळीपर्यंत भरून बसवणार असतील, तर ठीक. तीन-चार ब्लॉक मागे पडले असतील तर पूर्ण बॅटरीचाच विचार करावा. तुकड्यातुकड्याने केलेला खर्च शेवटी अधिक होतो.

वर्कशॉपला गाडी देताना कोड, फ्रीझ फ्रेम, तिन्ही स्थितींतले ब्लॉकांचे आकडे, बॅटरीतल्या तिन्ही तापमान-सेन्सरांचे आकडे आणि बाहेरचे तापमान यांचा एक कागद सोबत द्यावा. सातवा ब्लॉक म्हणजे तेरावे आणि चौदावे मॉड्यूल. पण मोजणी कोणत्या टोकापासून सुरू होते ते सर्व्हिस पुस्तिकेत पाहूनच ठरवायला सांगावे, नाहीतर उलट्या टोकाची चांगली जोडी काढली जाते. गाडी परत आल्यावर त्याच रस्त्यावर, जवळपास तेवढ्याच तापमानात चौथी आणि पाचवी पायरी पुन्हा करावी, आणि साधारण पंधरा दिवसांनी आणखी एकदा. बसवलेले मॉड्यूल इतरांपासून वेगळे वागणार असेल तर ते पहिल्या दिवशी दिसत नाही. ते या दुसऱ्या नोंदीत दिसते.